पाषाणांचे वऱ्हाड आणि चाकांवरचे बिऱ्हाड

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत, दगड हा पाहण्याचा पदार्थ मानला जात नाही. तो शेतातून वेचून बांधावर टाकायचा असतो, चुलीला मांडायचा असतो, कुंपणाला रचायचा असतो, नांगराला आडवा आला की त्याला शिवी हासडायची असते आणि फारच उभा व एकटा असला तर शेंदूर फासून त्याच्या पाया पडायचे असते. परंतु काहीही काम नसताना त्याच्यासमोर उभे राहून ‘वा’ म्हणण्याची प्रथा या भागात आढळत नाही. त्यामुळे किन्हवलीत आयुष्य काढलेल्या सेवानिवृत्त दांपत्याने सुमारे १३ हजार किलोमीटर अंतर कापून अमेरिकेतील यूटा राज्याच्या वाळवंटात जावे, तेथे भाड्याने घेतलेल्या गाडीतच आठ दिवस राहावे आणि त्या आठ दिवसांत दगड पाहण्याखेरीज दुसरे काहीही करू नये, ही घटना अभ्यासास पात्र ठरते.

प्रस्तुत लेखात ‘दांपत्य’ या संज्ञेने कोणी एक जोडपे अभिप्रेत नसून एक नमुना अभिप्रेत आहे. या नमुन्यातील पती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले गुरुजी असतात, पत्नी त्यांच्या इतकीच वर्षे घर चालवून अद्याप निवृत्त न झालेली बाई असते, आणि मुलगी शहापूर, ठाणे, पुणे अशा पायऱ्या चढत अखेर ॲरिझोनात संगणकाच्या नोकरीला लागलेली असते. गुरुजींनी अनेक वर्षे तिसरीच्या वर्गाला जिल्ह्याचा भूगोल शिकवलेला असतो, त्यातील डोंगर, नद्या आणि घाट फळ्यावर खडूने काढलेले असतात, आणि त्यांपैकी एकाही डोंगरावर ते स्वतः चढलेले नसतात. भूगोलाच्या अध्यापनाला त्याने कधी बाधा आल्याची नोंद नाही.

वास्तविक दगडांच्या बाबतीत किन्हवलीचा परिसर उपाशी मुळीच नाही. पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीत सुमारे साडेचार हजार फूट उंचीचा ‘आजोबा’ नावाचा डोंगर आहे, ज्याच्या कुशीत वाल्मीकी ऋषींचा आश्रम होता आणि लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, म्हणून डोंगरालाही तेच नाव पडले, असे परंपरा सांगते. मुरबाडच्या बाजूला गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे गुरुशिष्य शेजारी शेजारी उभे आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावर ‘नानाचा अंगठा’ आहे आणि त्याच घाटात सातवाहनकाळापासून एक दगडी रांजण आहे, जो जकातीचा असल्याचे सांगतात; म्हणजे दगडांमधून जाण्याचे पैसे मोजण्याची रीत या मुलुखाला दोन हजार वर्षांची आहे, फक्त त्या काळी पैसे भरून पुढे व्यापार करीत, फोटो काढीत नसत. पलीकडे घाटमाथ्यावर रतनगडाला ‘नेढे’ आहे. नेढे म्हणजे मुळात सुईचे छिद्र, आणि त्यावरून कड्याला आरपार पडलेल्या भोकालाही नेढे म्हणतात. या एका शब्दात डोंगराची आणि शिवणकामाची जी सांगड घातली गेली आहे, ती पाहता हा शब्द दृष्टी अधू झालेल्या एखाद्या आजीनेच प्रथम वापरला असावा, असे मानण्यास जागा आहे.

परंतु या सर्वांत संशोधकाने विशेष रेंगाळावे असे स्थळ म्हणजे शहापूरजवळचा माहुली किल्ला. इतिहासात तो शहाजीराजांमुळे प्रसिद्ध आहे; १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी कोंडी केल्यावर राजांना येथेच शरण यावे लागले. इतिहासाला मात्र किल्ल्याच्या कडेला सुट्या उभ्या असलेल्या सुळक्यांशी कर्तव्य नाही. सुळका म्हणजे मुख्य डोंगरापासून झिजेमुळे वेगळा पडलेला, उभाच्या उभा, टोकदार खडक. माहुलीच्या अशा सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, करवली आणि भटोबा अशी नावे दिली आहेत. करवली म्हणजे हातात करा, अर्थात पाण्याचा कलश, घेऊन वधूवरांच्या मागे उभी राहणारी बहीण, आणि भटोबा म्हणजे लग्न लावणारे भटजी. म्हणजे लग्नाला कायद्याने आणि धर्माने लागणारी सर्व मंडळी येथे हजर आहेत. हा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि तेव्हापासून आजतागायत अक्षता पडलेल्या नाहीत, यावरून भटोबांना मुहूर्त सापडत नाही की मानपानावरून काही अडले आहे, हे सांगणे कठीण आहे. रुसलेल्या आत्याचा सुळका मात्र या वऱ्हाडात दिसत नाही. ती रुसून घरीच राहिली असावी.

किन्हवलीहून मुंबईकडे जायचे म्हणजे एस.टी.ने किंवा जीपने शहापूर, तेथून आसनगाव स्थानक आणि पुढे लोकल; त्यामुळे या तालुक्यातील माणसाला आयुष्यात शेकडो वेळा हे वऱ्हाड दिसते. मात्र ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ या दोन क्रियापदांत मराठीने जो भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. खिडकीची जागा मिळाली तर माहुली दिसते आणि नाही मिळाली तर समोरच्याची पाठ दिसते, व दोहोंकडे मन सारख्याच अलिप्ततेने राहते. किल्ल्यावर जाण्याचा विषय निघालाच, तर उन्हाळ्यात ऊन असते, पावसाळ्यात निसरडे असते, हिवाळ्यात लग्ने असतात आणि ‘डोंगर कुठे पळून चाललाय’ हे बिनतोड कारण बारमाही असते. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मुळात सावधगिरीची आहे, लांबून देखणा वाटणारा डोंगर जवळ गेल्यावर काट्याकुट्यांचा निघतो असे ती बजावते; पण शहापूरकरांनी ती अक्षरशः पाळली, आणि गुरुजींसारख्यांनी निवृत्तीनंतर तिच्यातील ‘दुरून’ या शब्दाचा अर्थ यूटापर्यंत ताणला.

ही सहल दांपत्याच्या मनात कधीच उगवत नाही. ती मुलीच्या मनात उगवते. आईवडील व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले असतात, पहिल्या महिन्यात त्यांनी सर्व दुकाने पाहिलेली असतात, दुसऱ्या महिन्यात आईने सर्व कपाटे लावून टाकलेली असतात, आणि तिसऱ्या महिन्यात बाबा रोज सकाळी दाराशी उभे राहून रस्त्यावर माणूस का दिसत नाही, असे विचारू लागलेले असतात. या अवस्थेवरचा उपाय म्हणून ‘आर.व्ही.’ भाड्याने घेतली जाते. आर.व्ही. म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, अर्थात ट्रकच्या सांगाड्यावर उभारलेले असे घर, ज्यात झोपण्याच्या जागा, शेगडी, फ्रीज, मोरी आणि संडास इतके सर्व असते, आणि हे सर्व वळणावर एकाच वेळी एकाच बाजूला सरकते. गुरुजी या वाहनाभोवती एक प्रदक्षिणा घालतात, चाके मोजतात आणि मराठी पुरुषाचा कोणत्याही वाहनाविषयीचा आद्य प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘ॲव्हरेज किती देते?’ लिटरला चार किलोमीटरच्या आसपास, हे उत्तर ऐकल्यानंतर ते बराच वेळ बोलत नाहीत, कारण एस.टी.ही साधारण तितकेच देते पण पन्नास माणसे नेते, हा हिशेब त्यांच्या मनात चालू असतो.

चाकांवरच्या घराची कल्पना मराठी मुलुखाला नवीन नाही. बिऱ्हाड हा शब्दच मुळी आज येथे, उद्या तेथे अशा तात्पुरत्या संसाराचा आहे आणि विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे सर्वज्ञात आहे. दिवाळी सरली की घाटावरचे मेंढपाळ घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लहान पोरे लादून मेंढरांसह कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर चढतात. याच तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दरवर्षी घरदार ट्रकात घालून वीटभट्ट्यांवर जातात. त्या प्रवासाला कोणी सहल म्हणत नाही, त्याचे फोटो कोणी काढत नाही, आणि घर चाकांवर चढले की त्याला मौज म्हणायचे की हाल, हे चाकांवरून ठरत नसून मागे कुलूप लावलेले दुसरे घर आहे की नाही यावरून ठरते, एवढे येथे नोंदवून मूळ विषयाकडे वळणे इष्ट.

आर.व्ही.च्या आत शिरताच पतीच्या आणि पत्नीच्या दृष्टीतील फरक उघड होतो. पतीला त्यात वाहन दिसते, पत्नीला स्वयंपाकघर दिसते, आणि ज्या स्वयंपाकघरापासून आठ दिवस सुटका होईल असे सांगून तिला घराबाहेर काढलेले असते, तेच बारीक होऊन मागोमाग आले आहे, हे तिच्या ध्यानात येते. तथापि पाण्याच्या प्रश्नावर या बाईचा अधिकार वादातीत ठरतो. गाडीच्या टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावते आणि ते चार माणसांना दोन दिवस कसे पुरवावे, यावर जावई सूचनांचा कागद वाचत असतो. शहापूर तालुक्याने तानसा, वैतरणा आणि भातसा या धरणांतून मुंबईची तहान भागवावी आणि त्याच तालुक्यातील पाड्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी, ही व्यवस्था अनेक दशके चालू असल्यामुळे तेथील बाईला पाण्याच्या काटकसरीचा कागद लागत नाही. तांदूळ धुतलेले पाणी भाजीला, भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पहिले पाणी दाराशी, ही साखळी ती पहिल्याच सकाळी सुरू करते. शेवटची कडी मात्र जमत नाही, कारण तेथे दाराशी पाणी ओतण्यास मनाई असते. वापरलेले पाणी वेगळ्या टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणीच सोडावे लागते. झाडाला पाणी घातले तर दंड होतो, असा देश तिने ऐकलेला नसतो.

फोडणीचा प्रसंग स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे. फोडणी म्हणजे कडकडीत तेलात मोहरी, हिंग, हळद आणि मिरची टाकून काढलेला तो जाळ, ज्याच्या वासाने वाडीतल्या माणसाला कोणाकडे काय शिजते आहे ते कळते. आर.व्ही.त शेगडीपासून दोन-तीन हातांवर छताला धूर ओळखणारे यंत्र बसवलेले असते, आणि ते बनवणाऱ्याने मोहरीचा विचार केलेला नसतो. मोहरी तडतडते, मिरची पडते आणि त्याच क्षणी गाडी किंचाळू लागते. बाई कढई हातात धरून छताकडे पाहत ‘अहो, हे काय ओरडतंय?’ असे विचारते, आणि गुरुजी टॉवेलने यंत्राला वारा घालीत ‘गाडीला ठसका लागलाय’ असे उत्तर देतात. शेजारच्या गाडीतून एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ अग्निशामक नळकांडे घेऊन धावत येतात आणि त्यांना बळेबळे पोहे खाऊ घातले जातात. दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेर करावी असे ठरते, तेव्हा बाई साहजिकच चुलीसाठी तीन दगड शोधू लागते आणि राष्ट्रीय उद्यानातील दगड उचलणे हा गुन्हा आहे, असे तिला सांगण्यात येते. चहूकडे क्षितिजापर्यंत दगडाखेरीज काही नाही आणि चुलीला तीन दगड मिळत नाहीत, ही स्थिती तिच्या मते सरकारी कारभाराचा कळस असते.

याहून बिकट प्रश्न संडासाचा. गाडीतील संडासाचा मैला एका टाकीत साठतो, तिला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात त्याचे सरळ मराठी भाषांतर ‘काळे पाणी’ असे होते, आणि दोन-तीन दिवसांनी एक जाड नळी जोडून ती टाकी नेमलेल्या जागी रिकामी करावी लागते. हे काम गाडी चालवणाऱ्याकडे येते, आणि गाडी चालवणारा जावई असतो. महाराष्ट्रात अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेहेतीस अनारशांचे वाण देतात, आणि त्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला तरी घरातील बायका लाजेने अर्ध्या होतात. असा हा जावई सासूसासऱ्यांच्या डोळ्यांदेखत रबरी हातमोजे चढवून, नळी खांद्यावर टाकून काळ्या पाण्यावर निघतो, तेव्हा सासूबाईंची जी अवस्था होते तिचे वर्णन शास्त्रीय परिभाषेत करता येत नाही. गुरुजी तातडीने खाली उतरतात आणि ‘अहो जावईबापू, राहू द्या, मी करतो’ असे म्हणतात. जावई ‘नाही नाही बाबा, तुम्ही बसा’ असे म्हणतो. दोघेही नळीचे एकेक टोक धरून आग्रह करू लागतात, आणि पंगतीत जिलबीसाठी चालतो तसा हा आग्रह मागे रांगेत उभ्या असलेल्या चार गाड्या शांतपणे पाहत राहतात. अखेर झडप उघडण्याचा मान सासऱ्यांना आणि नळी धुण्याचा मान जावयाला मिळून दोन्ही घरांची अब्रू राहते. त्या दिवसापासून बाई संडासाचा वापर शक्यतो उद्यानातील सार्वजनिक सोयीपुरता ठेवते आणि इतरांनाही डोळ्यांनी तसे सुचवते.

ज्या गृहस्थांनी अग्निशामक नळकांडे आणले होते, त्यांच्याशी गुरुजींचा पुढे स्नेह जुळतो आणि त्यातून एक धक्कादायक माहिती हाती येते. ते व त्यांची पत्नी निवृत्त झाल्यावर राहते घर विकून कायमचे या गाडीत राहू लागले आहेत; हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटातील क्वार्टझसाइट या गावाभोवती अशा असंख्य गाड्यांचा तळ पडतो, तेथे ते जातात आणि ऊन तापू लागले की उत्तरेला सरकतात. किन्हवलीत निवृत्तीचे पैसे हाती आले की ते घरावर स्लॅब टाकण्यासाठी असतात, विकण्याचा प्रश्नच नसतो. गुरुजींची सगळी हयात सहाव्या वेतन आयोगाच्या फरकातून कोणती भिंत उठली आणि सातव्याच्या फरकातून कोणती फरशी बसली, या क्रमाने सांगता येते. म्हणून ‘घर विकले’ हे शब्द ऐकताच त्यांचा पहिला प्रश्न ‘मुलांनी काढले का?’ असा असतो, आणि मुलांचा काही संबंध नाही असे कळल्यावर दुसरा प्रश्न सुचत नाही. पुष्कळ विचारांती ते या जीवनाला धर्मशास्त्रात जागा शोधतात. वानप्रस्थ म्हणजे गृहस्थाश्रम संपल्यावर घरदार मुलांच्या हवाली करून वनात जाऊन राहण्याची तिसरी अवस्था, आणि तीत पत्नीला सोबत नेण्याची मुभा आहे. शेजारचे गृहस्थ हे वातानुकूलित वानप्रस्थी होत, असा निर्णय झाल्यावर गुरुजींना बरे वाटते. पत्नीचे मत निराळे असते. तिच्या मते त्या बाईला एवढ्याशा गाडीत नवऱ्यापासून लपायला जागाच नाही.

आता प्रत्यक्ष दगडांकडे. यूटातील आर्चेस या राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत, आणि गुरुजी त्यांना पहिल्या दिवसापासून नेढी म्हणतात. त्या कशा घडल्या, हे ते माहितीफलकावरून मोठ्याने मराठीत समजावून सांगतात. जमिनीखाली मिठाचा प्रचंड थर होता, वरच्या खडकाच्या भाराने तो सरकला, त्यामुळे वरचा वालुकाश्म, म्हणजे वाळू दडपून झालेला दगड, उभा तडकला, त्याच्या पातळ भिंती उरल्या आणि पाणी, बर्फ व वारा यांनी त्या भिंतींना भोके पाडली. विद्यार्थी म्हणून एकट्या पत्नीच समोर असतात आणि त्या ‘मीठ जास्त झालं की असंच होतं’ एवढेच टिपण घेतात. या वाळवंटात वर्षभरात जेमतेम दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे शहापुरात जुलैच्या एखाद्या झोडपणाऱ्या दिवसाचा पाऊस तेथे वर्षभर पुरवून वापरतात, आणि तरीही पाण्याने एवढे काम केले आहे, हे कळल्यावर गुरुजींच्या तोंडून तिकडच्या पाण्याबद्दल आदराचे उद्गार निघतात. आपल्याकडचे पाणी नुसतेच वाहून मुंबईला जाते.

वाळवंटाचा रंग ही या दांपत्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची बाब. हा खडक तांबडा आहे तो त्यातील लोहामुळे, म्हणजे साध्या भाषेत गंजामुळे. पण शहापूर-मुरबाडच्या रानात म्हसोबा, वाघोबा आणि वेताळ हे सारे शेंदराने ओळखले जातात, शेंदूर नसेल तर तो दगड आणि असेल तर तो देव, इतकी ही विभागणी स्वच्छ आहे. यूटात निसर्गाने शेंदूर आधीच फासून ठेवल्यामुळे शेकडो चौरस किलोमीटरवरचा प्रत्येक दगड देवपदास पोहोचलेला असतो आणि बाईचा हात गाडीच्या खिडकीतून सारखा कपाळाकडे जात असतो. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला नमस्कार करते, दुसऱ्या दिवशी फक्त मोठ्यांना, आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळी एकदाच सर्वांना मिळून.

नमस्कारावरून वयाचा प्रश्न निघतो. आर्चेसचा बराचसा खडक पंधरा-सोळा कोटी वर्षांचा, म्हणजे माहुलीच्या वऱ्हाडापेक्षा पुष्कळ थोरला. उलट ब्राइस कॅन्यन या दुसऱ्या उद्यानातील खडक सुमारे पाच कोटी वर्षांचा, म्हणजे धाकटा. त्यामुळे आर्चेसला नमस्कार रास्त आणि ब्राइसला आशीर्वाद पुरेसा, असा निवाडा गुरुजी देतात. ब्राइस येथे हजारो सुळके दाटीवाटीने उभे आहेत, त्यांना तेथे ‘हूडू’ म्हणतात. वर्षातील जवळजवळ निम्म्या रात्री फटींतले पाणी गोठून फुगते आणि दिवसा वितळते, या ताणाने खडक फुटत फुटत हे आकार उरले. तेथील पायूट या आदिवासी लोकांची कथा अशी की हे सुळके म्हणजे पूर्वीची माणसेच असून त्यांच्या दुर्वर्तनामुळे कोल्ह्याचा भाऊबंद असलेल्या कोयोटेने त्यांचे दगड केले. ही कथा मुलीने सांगताच आईला ती ओळखीची वाटते, कारण अहल्येची शिळा तिला ठाऊक असते, आणि ‘मग यांचा राम कधी यायचाय?’ हा तिचा प्रश्न तेथील कोणत्याही फलकाने सोडवलेला नाही. ज्याच्या नावावरून हे स्थळ ओळखले जाते तो ब्राइस गुरे बाळगणारा वसाहतकरी होता आणि हरवलेली गाय शोधायला ही जागा महावाईट, असा त्याचा अभिप्राय सांगितला जातो. किन्हवलीकराला हाच एक अमेरिकन माणूस खरोखर शहाणा वाटतो.

नावे ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही देशांची बुद्धी एकाच वळणाने गेलेली दिसते. आर्चेसमध्ये तीन उंच खडक डोकी एकमेकांकडे कलवून उभे आहेत आणि त्यांचे नाव ‘थ्री गॉसिप्स’, म्हणजे कुचाळक्या करणाऱ्या तिघीजणी, असे आहे. इतर सर्व स्थळांपुढे दहा मिनिटे थांबणारी बाई या तिघींपुढे पाऊण तास थांबते. ‘मधली ऐकून घेणारी आहे, डावीकडची सांगतेय आणि उजवीकडची घरी जाऊन सगळीकडे करणार,’ असे ती सांगते, आणि गुरुजींना एरवी केवळ खडक दिसत असता त्यांनाही त्यांपैकी एकीत आळीतली ओळखीची व्यक्ती दिसू लागते, जिचे नाव घेणे येथे उचित नाही. भूगोलाच्या पुस्तकाने तीस वर्षांत जे साधले नाही, ते अशा वेळी घडते.

डेलिकेट आर्च ही सुमारे ५२ फूट उंचीची कमान पाहण्यासाठी जाऊन-येऊन पाच किलोमीटरांच्या आसपास चढउतार करावा लागतो. माहुली न चढण्याची सर्व कारणे, म्हणजे ऊन, निसरडे आणि गुडघे, येथेही लागू असतात, पण ‘डोंगर कुठे पळून चाललाय’ हे मुख्य कारण लागू नसते, कारण पळून माणूसच जाणार असतो, व्हिसा संपल्यावर. म्हणून दांपत्य चढते. वाटेत पाटी असते की मातीवर पाय ठेवू नये, कारण त्या मातीवर सूक्ष्म जीवांचे, शेवाळाचे आणि दगडफुलाचे कवच आहे आणि ते तुटले तर पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. ज्या घरात आषाढात पोटरीभर चिखलात उभे राहून भात लावला जातो, त्या घरातील बाई ही पाटी समजून घेतल्यावर इतक्या हलक्या पावलाने चालू लागते की तिला कोणी सारवलेल्या अंगणातून चालण्यास सांगितले आहे असे वाटावे.

कमानीखाली फोटो काढला जातो. मुलगी ‘जवळ या ना जरा’ असे चार वेळा सांगते, दांपत्य दर वेळी अर्धे पाऊल सरकते आणि पुन्हा मूळ अंतरावर येते. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत राखलेले हे दीड हाताचे अंतर परदेशात मोडण्याचे दोघांनाही कारण दिसत नाही. नवरा, नवरी, आणि मागे पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली मुलगी. छायाचित्रात ती करवलीच्या जागी आली आहे, हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

उद्यानात आणखी एक फलक गुरुजी बारकाईने वाचतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तेथील ‘वॉल आर्च’ नावाची मोठी कमान कोसळली, याची हळहळ त्यात व्यक्त केलेली असते. माळशेज घाटात दर पावसाळ्यात दरडी येतात, तेथे फलक लागत नाही, जेसीबी लागतो, आणि तो येईपर्यंत कल्याण-नगर रस्त्यावर वाहनांची रांग लागते. दगडाच्या मृत्यूवर शोक करणारा देश पाहिल्याचे समाधान गुरुजी वहीत टिपून ठेवतात. त्याच वहीत ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा प्रवेशपास केवळ तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो, ही तक्रार नोंदवलेली असते, आणि तिच्याखाली ‘आपली एस.टी. अर्ध्या तिकिटात नेते, पंचाहत्तरीनंतर फुकट’ असा शेरा जाड अक्षरांत असतो.

सहा महिने पुरे झाल्यावर दांपत्य परतते. आसनगावला उतरून ते जीपमध्ये बसतात, जीप अर्थातच भरल्याशिवाय निघत नाही, आणि त्या अवधीत गुरुजी शेजारच्या माणसांना मोबाइलवर दगड दाखवू लागतात. जीप सुटते, शहापूर मागे पडते, मागच्या काचेत माहुलीचे वऱ्हाड लहान होत जाते आणि त्याच्याकडे पाठ करून सातजण एका पडद्यावर वाकलेले असतात. तीन तांबडे सुळके पुढे येतात तेव्हा मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहते आणि विचारते, ‘गुरुजी, ही आजोबाच्या कुठल्या अंगाला?’

गुरुजी उत्तराची जुळवाजुळव करीत असतात, तोवर बाई पदर सावरीत म्हणते, ‘पलीकडच्याच अंगाला गं. जरा चालावं लागतं.’